हिरवं पाणी मुरलं कुठे?

माझी नजर घारीची आणि चाल मांजराची. गुन्हेगार माझं नाव ऐकताच थरथर कापतात, असं मी स्वतः कित्येकांना सांगितलं आहे. उणीव फक्त केसची. डोक्यावर नाहीत आणि हातातही नाही.

त्या सकाळी मात्र आमच्या इमारतीतल्या सगळ्या नळांना हिरवं पाणी आलं.

माझी बायको पाणी तपासनीस. नळाच्या पाण्याचे नमुने घ्यायचे आणि ते नियमात बसतात का बघायचं, हे तिचं काम. आता तिच्याच स्वयंपाकघरातला नमुना नापास झाला. साहेबांनी फोनवर बजावलं, "संध्याकाळपर्यंत कारण शोधा, नाहीतर बढतीवर पाणी सोडा."

बिचारीच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवशी इमारतीत तेवढंच स्वच्छ होतं. मला फार वाईट वाटलं, म्हणून मी केस हाती घेतली.

"कुठेतरी पाणी मुरतंय," मी म्हणालो.

"मुरत नाहीये हो, नळातून येतंय!"

पहिला संशय रंगाच्या कारखान्यावर. "मग सगळ्या गावाला हिरवं आलं असतं," बायको म्हणाली. "शेजारच्या इमारतीत तर चांगलं येतंय."

शेजारच्या इमारतीत चांगलं? म्हणजे दुसरा संशय त्यांच्यावरच. पण ते सगळे कामावर गेले होते, म्हणून तळमजल्यावरच्या रंगाऱ्याला गाठलं. भिंगातून त्याची नखं पाहिली.

"पिवळा रंग आहे," तो म्हणाला.

"पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो!" मी कडाडलो. "निळा साथीदार कुठे लपवलायस?"

त्यानं दार लावलं. माझं नाक जरासं आत राहिलं होतं.

नाक चोळत घरी आलो, तर सासूबाई दोरीवरचे कपडे काढत होत्या.

"जावईबापू, हा हिरवा मोजा एकटाच कसा? दुसरा कुठंय?"

"टाकीत. मध्ये बोलू नका, मी विचार करतोय."

"टाकीत?" बायको किंचाळली.

"काल तूच फोनवर म्हणालीस ना, 'टाकीत क्लोरीन घाला, मोजा'? मी दोन्ही घातलं. तू मोजे म्हणाली नाहीस, म्हणून एकच. नियम म्हणजे नियम."

तिनं कपाळावर हात मारला. "अहो, मोजा म्हणजे मोजून बघा! क्लोरीन किती झालं ते!"

मी भिंग खाली ठेवलं. खरा गुन्हेगार मला दिसला होता.

"आदरार्थी बहुवचन!" मी म्हणालो. "तू मला अरेतुरे करत असतीस, तर 'मोज' म्हणाली असतीस. हे काही झालंच नसतं."

"पटलं," ती म्हणाली. "ऊठ. टाकी घास."

घासली. संध्याकाळी काचेसारखं पाणी आलं आणि नमुना पास झाला. साहेबांनी फोनवर कारण विचारलं.

बायकोनं माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"घरगुती होतं, साहेब."