गोल सोडणारा गोलकीपर

सामन्याच्या दिवशीही चष्मेवाल्याच्या घरात साडूचंच कौतुक चाललं होतं.

"भाऊजी कसे वाऱ्यासारखे पळतात, नाही?" बायको म्हणाली.

"पळावंच लागतं. दात काढलेले पेशंट मागे लागत असतील."

साडू दंतवैद्य होते, बाजारपेठेच्या संघाचे स्ट्रायकर होते आणि उंच होते. यातलं तिसरं चष्मेवाल्याला सर्वांत जास्त खुपायचं. तो त्याच संघाचा गोलकीपर. आज एखादा अशक्य बॉल अडवायचा आणि बायकोच्या तोंडून एकदा तरी 'वा' वदवून घ्यायचं, असा त्याचा निश्चय होता.

युद्धामुळे घरदार सोडून आलेली कुटुंबं शाळेच्या हॉलमध्ये राहत होती. सामना त्यांच्या मदतीसाठी होता आणि समोरचा संघ त्यांच्यातल्याच तरुणांचा होता. कापडगिरणीच्या मालकीणबाईंनी माईकवरून जाहीर केलं, "गोल कुणीही करो, प्रत्येक गोलला वीस ब्लँकेटं!"

खेळ सुरू होतो न होतो तोच साडूंनी गोल मारला. लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. मग समोरच्या कॅप्टनने बॉल थेट कोपऱ्यात हाणला. चष्मेवाल्याने अंग झोकून दिलं, बोटांच्या टोकांनी तो बाहेर ढकलला आणि ओल्या मातीत पडल्यापडल्या टाळ्यांची वाट पाहिली.

मैदान चिडीचूप.

"अहो!" बायको ओरडली. "वीस ब्लँकेटं घालवलीत की!"

"काळीज आहे का दगड?" कुणीतरी म्हातारी म्हणाली.

पुढच्या बॉलला चष्मेवाला मुद्दाम भलत्याच बाजूला झेपावला. टाळ्यांचा कडकडाट! माईक गरजला, "गोलकीपरकडून वीस!" चष्मेवाल्याला एकदम मार्ग सापडला. साडूंनी मारायचे त्याहून आपण जास्त सोडायचे. बॉल येताना दिसला की तो चष्मा पुसायला घेऊ लागला.

"काका, जरा तरी अडवा ना," कॅप्टन वैतागला. "खेळल्यासारखंच वाटत नाही."

"तुम्ही मारा हो. थंडी वाढतेय."

मध्यंतरापर्यंत साडूंनी तीन मारले होते, चष्मेवाल्याने पाच सोडले होते. साडू लालबुंद झाले. "साडूभाऊ, पळून पळून दम माझा निघतोय आणि नाव तुमचं?"

"मदतकार्य आहे हे. इथे हेवेदावे बरे नव्हेत," चष्मेवाला साळसूदपणे म्हणाला.

उत्तरार्धात साडू पुढे गेलेच नाहीत. स्वतःच्याच गोलसमोर ठाण मांडून उभे राहिले. बॉल आला, चष्मेवाला अदबीने बाजूला झाला आणि साडूंनी डोकं घालून तो परतवला.

"सोडा की!"

"नाही सोडणार!"

शेवटच्या मिनिटाला चष्मेवाल्याने त्यांच्या कमरेला मिठीच मारली. दोघेही चिखलात आडवे झाले. तशाही अवस्थेत साडूंनी पाय लांबवला आणि गोलरेषेवरून बॉल उडवला. शिट्टी वाजली. लोकांनी साडूंची अशी हुर्यो उडवली की चष्मेवाल्याला इतकं गोड संगीत जन्मात ऐकल्याचं आठवेना.

मालकीणबाईंनी कपही त्यालाच दिला. कप छातीशी धरून तो बायकोसमोर जाऊन उभा राहिला. ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे, चिखलाने माखलेल्या साडूंकडे बघत होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "तो शेवटचा बॉल काय अडवलात हो! वा!"