चालू कामकाजातला पूल

राज्यकारभार ही अखंड चालणारी गोष्ट आहे. तिच्यात खंड पडतो तो फक्त राज्यकर्त्यांमुळे. असं आमचा मुख्य शिपाई सेत्तिमिओ पाल्लोत्ता म्हणायचा, आणि त्याला तो अधिकार होता. रोममध्ये ज्या इमारतीत पंतप्रधान बसतात, तिथे त्याने एकतीस वर्षं नोकरी केली. त्या काळात एकोणीस पंतप्रधान त्याने आत नेऊन बसवले आणि बाहेर नेऊन सोडले. (त्यातले दोघे पुन्हा आले. एकाला त्याने नम्रपणे सांगितलं की, साहेब, मागच्या वेळची छत्री इथेच आहे.) मी त्याच मजल्यावर आवक-जावक कारकून होतो.

राजाला निरोप दिल्यापासून ऐंशी वर्षांच्या आत आमची अडुसष्ट सरकारं झाली. परदेशी लोक याला अस्थैर्य म्हणतात, कारण त्यांनी आमची इमारत आतून पाहिलेली नाही. इतकी स्थिर इमारत शोधून सापडणार नाही. सरकार सरासरी चौदा महिने टिकतं आणि आमच्या मजल्यावरच्या फ्रिजची हमी दोन वर्षांची होती, म्हणजे एक फ्रिज नियमाप्रमाणे पावणेदोन सरकारं पाहतो. फ्रिजबद्दल मात्र कधी कोणी अस्थैर्याची तक्रार केली नाही.

नवे पंतप्रधान आले की सेत्तिमिओची कामं ठरलेली असत. मंत्रिमंडळाच्या बैठकीची छोटी घंटा तबकात घालून आणायची. जाणाऱ्याने ती येणाऱ्याच्या हातात द्यायची आणि दोघांनी कॅमेऱ्याकडे बघून असं हसायचं, जणू दोघांनाही मनापासून आनंद झाला आहे. मग दारावरची पाटी बदलायची. पाटीला चार स्क्रू होते, पण चौथा पिळणं सेत्तिमिओने सहाव्या पंतप्रधानानंतर सोडून दिलं. शेवटी साहेबांना कॉफीत साखर किती लागते हे विचारायचं. धोरणविषयक म्हणावा असा हा एकमेव प्रश्न होता, ज्याचं उत्तर पहिल्याच दिवशी स्पष्ट मिळे.

सरकार पडलं की ते लगेच जात नाही. नवं येईपर्यंत ते ‘चालू कामकाज’ पाहण्यापुरतं बसून राहतं. चालू कामकाज म्हणजे नक्की काय, यावर घटनापंडितांनी जाडजूड ग्रंथ लिहिले आहेत. सेत्तिमिओची व्याख्या छोटी होती: जे सुरू आहे, पण होत नाही, ते.

या व्याख्येशी नुन्झियाता कोलारोस्सी या बाईंचा संबंध आला तो असा.

बाई आब्रुत्सोच्या डोंगरातल्या पिएत्राफोल्ता गावच्या, टपाल कचेरीतून निवृत्त झालेल्या. गाव दरीच्या दोन्ही कडांवर अर्धं अर्धं वसलेलं, मध्ये एक पूल. या गोष्टीच्या चौदा वर्षं आधी पुलाला तडा गेला. अभियंत्यांनी येऊन दोन्ही टोकांना लाल-पांढरे अडसर लावले आणि दुरुस्तीचा प्रस्ताव रोमला पाठवला. अडसर उत्तम दर्जाचे होते, एवढ्या वर्षांत त्यांचा रंगसुद्धा उडाला नाही. बाई अलीकडे आणि त्यांची थोरली बहीण एर्सिलिया पलीकडे राहिली. वळसा घालून जायचं तर एकेचाळीस किलोमीटर. तिकडे बस जात नव्हती, आणि एर्सिलियाताईंचे गुडघे त्यांना दारापलीकडे फार लांब नेत नव्हते. मग रोज संध्याकाळी पाच वाजता दोघी आपापल्या कडेला खुर्ची टाकून ओरडून बोलत. दरी आवाज छान घुमवत असल्यामुळे एर्सिलियाताईंचं पोट आज साफ झालं की नाही, ही बातमी संपूर्ण खोऱ्याला ताजी मिळत असे.

बाई प्रत्येक नव्या पंतप्रधानाकडे अर्ज घेऊन येत. सरकार पडलं की अर्ज आपोआप रद्द होई, कारण तो त्या पंतप्रधानांच्या नावे असे. पुढच्यासाठी नवा अर्ज. सोबत मेंढीच्या दुधाचं एक चीज, फडक्यात बांधलेलं. ते कधी रद्द झालं नाही. अशा त्या सात वेळा येऊन गेल्या. (एक सरकार त्यांची बस रोमला पोचण्याआधीच पडलं, ते धरलेलं नाही.) सातही वेळा त्यांना लेखी उत्तर गेलं की, आपल्या पत्राची अत्यंत गांभीर्याने नोंद घेण्यात आली आहे. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण उत्तर मीच टाइप करत असे. नंतर नंतर फक्त तारीख बदलायचो.

आठव्या खेपेला त्या आल्या तेव्हा सेत्तिमिओ फाटकातच उभा होता. त्याचा चेहरा बघून बाईंनी फडकं पुन्हा पिशवीत ठेवलं.

“पडलं का?”

“काल दुपारी,” सेत्तिमिओ म्हणाला. “तुम्ही आता पुढच्या महिन्यात या, बाई.”

“मी येईन हो. ताईचं सांगता येत नाही. तिचा आवाज आता दरीच्या निम्म्यापर्यंतच पोचतो. मंगळवारी ती काहीतरी म्हणाली, मी नुसती मान डोलावली. काय म्हणाली कोण जाणे.”

त्या रडल्या वगैरे नाहीत. उपाहारगृहात सेत्तिमिओने त्यांना कॉफी पाजली आणि परतीच्या बसपर्यंत पोचवलं. नंतर तो माझ्या टेबलापाशी आला आणि पिएत्राफोल्ताची सगळी कागदपत्रं काढ म्हणाला. सात फायली निघाल्या. दुसरीत दुरुस्तीचा आदेश तयारच होता. रक्कम मंजूर, नकाशा जोडलेला, बाकी होती ती सही. सही व्हायची त्या दिवशी सरकार पडलं होतं, आणि पुढच्या सरकारने नियमाप्रमाणे नवी फाइल उघडली होती.

मी त्याला नियम दाखवला. राजीनामा दिलेल्या पंतप्रधानांना नवीन काही मंजूर करता येत नाही, ते फक्त चालू कामकाज पाहतात.

“हे चौदा वर्षं चालू आहे,” सेत्तिमिओ म्हणाला. “याच्याहून चालू काही या इमारतीत असेल तर दाखव.”

 मी आदेश नव्याने टाइप केला. फक्त नाव आणि तारीख बदलली.

मावळत्या पंतप्रधानांच्या शेवटच्या सकाळी एक हृद्य प्रथा पाळली जाते. कर्मचाऱ्यांना आठवण म्हणून ते आपल्या छायाचित्रांवर सह्या करून देतात. त्या वेळी एकशे बारा छायाचित्रं होती. सेत्तिमिओ एकेक पुढे सरकवत होता, साहेब खिडकीबाहेर बघत सह्या करत होते. माळ्याच्या आणि टेलिफोनवाल्या बाईंच्या छायाचित्रांच्या मधे त्याने आदेश ठेवला. साहेबांनी त्यावरही सही केली. वर, सवयीने, ‘सप्रेम’ असं लिहिलं.

बांधकाम खात्यात त्या कागदाने खळबळ उडवली. ‘सप्रेम’ या शेऱ्याचा अर्थ एकाही परिपत्रकात दिलेला नव्हता. तीन अधिकाऱ्यांनी दोन दिवस खल केला आणि शेवटी तो ‘अति तातडीचे’ याच्या वरचा असावा, असं ठरवलं. सात महिन्यांत पूल झाला. प्रजासत्ताकाच्या इतिहासात एखाद्या खात्यावर कोणी प्रेम व्यक्त केल्याचं हे एकच नोंदलेलं उदाहरण आहे, आणि परिणाम बघता प्रयोग पुन्हा करायला हरकत नव्हती.

उद्घाटनाला तेव्हाचे पंतप्रधान आले. त्यांच्याखेरीज चार माजी पंतप्रधानही आले, कारण प्रत्येकाच्या कचेरीत ‘गांभीर्याने नोंद’वालं पत्र सापडलं होतं आणि त्यावरून पूल आपलाच हे प्रत्येकाला आठवलं होतं. कोनशिलेवर कोणाचं नाव वर घ्यायचं यावर एकमत होईना, म्हणून ती कोरीच बसवली. पूल साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनांसाठी होता. पाच साहेबांच्या चिलखती गाड्या त्या वजनात बसेनात. शेवटी पाचही जण एका आडव्या रांगेत, एकमेकांना पुढे जाऊ न देता, चालत पलीकडे गेले. रांगेला पूल अरुंद पडला.

पण तो खरं तर आदल्या संध्याकाळीच वापरात आला होता. पाच वाजता नुन्झियाताबाई अडसराखालून वाकून निघाल्या आणि पलीकडे बहिणीच्या दारात पोचल्या. चौदा वर्षांनी दोघी एका टेबलाशी बसल्या. एर्सिलियाताईंनी त्यांना जवळून नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, “तू इतकी म्हातारी कधी झालीस? तिकडून तर कळत नव्हतं.” मग दोघी बोलत बसल्या, आणि हळू बोलायची सवय गेल्यामुळे मधे हातभर टेबल असूनही ओरडूनच बोलल्या. त्या मंगळवारी ताई काय म्हणाल्या होत्या ते बाईंनी विचारलं. ताईंना आठवेना. हे सगळं खोऱ्याने ऐकलं, म्हणून मला सांगता येतंय.

सेत्तिमिओचं मात्र प्रकरण वाढलं. एका वर्तमानपत्राने विचारलं की, पडलेल्या सरकारने पूल बांधलाच कसा? चौकशी समिती नेमली गेली. दोष सिद्ध झाला असता तर त्याचं निवृत्तिवेतन गेलं असतं, आणि त्याची बायको एलव्हिरा तेव्हा आजारी होती. समितीपुढे जायच्या सकाळी त्याने गणवेशाची सगळी बटणं लावली आणि जिना उतरला. समितीने त्याचं पूर्ण नाव, जन्मगाव आणि नोकरीची वर्षं विचारली. तेवढ्यात सरकार पडलं. दुसऱ्या सरकारने नवी समिती नेमली. तिने पूर्ण नाव आणि जन्मगाव विचारलं. तिसरी फक्त पूर्ण नावापर्यंत पोचली. ज्या रोगाने बाईंना चौदा वर्षं छळलं, त्यानेच सेत्तिमिओला वाचवलं. तो सन्मानाने निवृत्त झाला. एलव्हिरा बरी झाली. आता दोघं दर उन्हाळ्यात पिएत्राफोल्ताला जातात आणि बहिणींच्या मधे बसतात. कान दुखतात म्हणतो.

हा झाला आमच्या पंतप्रधानांचा इतिहास, जसा मी पाहिला तसा. वीसेक तरी पंतप्रधान यात येऊन गेले. त्यातल्या एकाचंही नाव मी घेतलं नाही. शिपायाचं घेतलं, त्याच्या बायकोचं घेतलं, ज्यांना गुडघ्यांमुळे चालवत नव्हतं त्या ताईंचंही घेतलं. तुम्ही इथपर्यंत वाचत आलात आणि राज्य नेमकं कोण करत होतं, हे तुम्हाला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. असंच असावं. आमच्याकडेही मतदार असेच आहेत.