अण्णा दिघ्यांची रंगाची गन

अण्णा दिघे कुणाच्याही घरी गेले की खुर्चीत बसण्याआधी भिंतीपाशी जायचे, गाल तिच्या अगदी जवळ न्यायचे, एक डोळा मिटायचे आणि भिंतीवरून आडवी नजर टाकायचे. यजमान बिचारे चहाचं विचारत असायचे. अण्णा म्हणायचे, "फराटे आहेत. कूचीचं काम." मग बसायचे. बारसं असो की सत्यनारायण, आधी भिंत, मग देव.

मी त्यांची शेजारीण. उज्जैनला फ्रीगंजच्या मागच्या गल्लीत आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत. मी शाळेत शिकवते. अण्णा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले आणि त्यानंतर वर्षभरातच त्यांच्या पत्नी, आमच्या माई, गेल्या. मुलगा विनय पुण्याला कंप्यूटरच्या नोकरीत. त्यामुळे घरात अण्णा एकटे, आणि त्यांची गन.

गन म्हणजे रंग फवारायचं विजेवरचं यंत्र. खाली बरणी, वर पिस्तुलासारखी मूठ. त्या वर्षांत बाजारात रोज काहीतरी नवीन येत होतं. गच्च्यांवर टीव्हीच्या छत्र्या उगवल्या होत्या, किराणेवाल्याकडे परदेशी चॉकलेटं आली होती. टावर चौकात एका दुकानदाराने दारातच प्लायवूड उभं करून ते बघता बघता रंगवून दाखवलं. अण्णा भाजीला गिलकी आणायला निघाले होते. गिलकी राहिली आणि गन घरी आली.

तेव्हापासून अण्णांच्या बोलण्यात दोनच वाक्यं. एक, "कूची का ज़माना लद गया," म्हणजे ब्रशचे दिवस संपले. दुसरं, "काम एकसार पाहिजे." डिस्टेंपर पातळ करायचं, जुन्या मलमलीतून गाळायचं, गन भिंतीपासून वीतभर लांब धरायची आणि हात थांबू द्यायचा नाही, थांबला की ओघळ आलाच. हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण आमच्या पुढच्या खोलीचा रंग अण्णांनी दिलेला आहे.

त्या दिवशी त्यांनी आमचं सामान वर्तमानपत्रांत असं गुंडाळलं की घड्याळसुद्धा दिसेना. तयारीत बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त रंगाचा वास कोंडून राहू नये म्हणून त्यांनी छताचा पंखा चालू केला. सासूबाई नेमक्या तेव्हाच देवळातून परतल्या. चष्मा, अंबाडा आणि प्रसादाचा द्रोण, सगळं पिस्ता रंगाचं झालं. सासूबाईंनी त्यांना जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. अण्णा शांतपणे म्हणाले, "पण बघा, एकसार आलंय न."

लाइट जाणं हे आमच्याकडे नित्याचंच. अर्ध्या भिंतीवर लाइट गेली की अण्णा हातात गन रोखून तसेच उभे राहायचे. मध्येच सोडलं तर जोड दिसतो म्हणे. मी एकदा त्यांना उभ्यानेच चहा पाजला आहे.

गल्लीला मात्र वेगळंच नवल होतं. अण्णा स्वतःच्या घरातली मधली खोली पुन्हा पुन्हा रंगवत. दिवाळीला आकाशी, संक्रांतीला बदामी, होळीच्या आधी परत आकाशी. फुकटची हौस, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचे. कारण एवढं करून त्या खोलीचं काम काही एकसार नव्हतं. खिडकीच्या बाजूला, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, भाकरीएवढा एक काळपट डाग दर रंगातून वर यायचा. दुसऱ्यांच्या भिंतींवर एक फराटा न खपणारा माणूस त्याबद्दल चकार शब्द काढत नसे.

मग विनयचं लग्न ठरत आलं. मुलगी आणि तिचे आईवडील रविवारी इंदूरहून घर बघायला येणार होते. विनयने मला फोन केला. अण्णांना न दुखवता चांगला पेंटर लावून ती भिंत तेवढी नीट करून घे, म्हणाला, लोक म्हणतील घरात ओल आहे. मला ते पटलं. देवास गेटकडून बाबूलाल पेंटरला घेऊन मी अण्णांकडे गेले. मुलाच्या लग्नाचं निमित्त आहे, त्यांच्या कलेवर अविश्वास नाही, वगैरे सगळं बोलले. अण्णा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

बाबूलालने डागावर बोट फिरवलं आणि हसला. "बाबूजी, ये तो तेल है. रेगमाल मारूँगा, प्राइमर दूँगा, खतम." त्याने पिशवीतून रेगमाल, म्हणजे घासायचा खरखरीत कागद, काढला.

अण्णा पुढे झाले आणि त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये उभे राहिले. हात जोडल्यासारखे केले. बाबूलालला काही कळेना. मलाही नाही. अण्णा माझ्याकडे बघून बोलले.

"शुभा, माई इथे टेकून बसायची न. गहू निवडायला, भाजी चिरायला. डोक्याला खोबरेल. घासलं तर जाईल गं ते. मला माहीत नाही काय, प्राइमर काय असतो ते? कूची घेतली तरी घासल्या जातं. गन दीवारला हात लावत नाही."

मी विचारलं, मग रंग तरी कशाला देता?

"रंग दिला की दोन-चार दिवस काही दिसत नाही. मग हळूहळू वर येतं. मी समोर खुर्ची टाकून बघून राहतो."

मी बाबूलालला परत नेलं. माई गेल्यावर आम्ही सगळे अण्णांना डबे पोचवत होतो, आणि एवढ्याने आपलं काम झालं असं समजत होतो. हा माणूस रोज एका भिंतीसमोर वाट बघत बसतो, याची गल्लीत कुणालाच कल्पना नव्हती. विनयला मी फोनवर फक्त पेंटर मिळाला नाही एवढं सांगितलं. खरं सांगणं माझं काम नव्हतं, पण रविवारपर्यंत मला धड झोप लागली नाही. मुलाने चारचौघांत त्या डागावरून काही बोलायला नको, एवढंच मनात होतं.

रविवारी पाहुणे आले. विनय पुण्याहून आला होता आणि मी पोहे करायला गेले होते. अण्णा इस्त्रीच्या सदऱ्यात. भिंतीचा विषय त्यांनी काढला नाही, गनचाही नाही. खिडकीकडे पाठ करून ते डागाच्या पुढ्यातच बसले होते, पण कुणीतरी पोह्यांची बशी मागितली आणि त्यांना उठावं लागलं. मुलीच्या आईची नजर तिथे गेली. बाईंचं काही चुकलं नाही, मुलगी द्यायची तर माणूस घर बघणारच. त्यांनी विचारलं, "इथे ओल येते का?"

विनयने भिंतीकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. बशी हातात घेऊन अण्णा दारात थांबले होते.

"ओल नाही," विनय म्हणाला. "आई बसायची तिथे."

मग मुलगी, जी इतका वेळ मान खाली घालून बसली होती, तिने हळूच आपली खुर्ची त्या भिंतीपासून थोडी लांब सरकवली, पाठ लागू नये म्हणून. अण्णांनी बशी तिच्यासमोर ठेवली आणि पाणी आणतो म्हणून आत गेले. पाणी टेबलावर होतंच. आम्ही कुणी त्यांना हाक मारली नाही.