तारखेची मोकळी जागा

येवल्याच्या चिमणाबाईंच्या नातवाचं, रुद्रचं, जावळ काढलं ते दोन हजार तेवीस साल. त्याच साली चिमणाबाईंचं मरणही जाहीर झालं. माणूस कधी जाणार हे नातेवाइकांना आगाऊ कळणं, ही सुधारलेल्या समाजाची खूण होय. पूर्वीच्या अडाणी काळात माणूस आधी मरे आणि मग धावपळ होई.

नाशिकच्या एका दवाखान्यात चिमणाबाईंना बोगद्यासारख्या मशीनमध्ये सरकवलं. फुप्फुसातला कॅन्सर कुठवर पसरलाय याची रंगीत चित्रं निघाली. ती संगणकाने वाचली आणि सांगितलं, अकरा महिने. डॉक्टर म्हणाले, "हा अंदाज आहे. बरेच जण जास्तही जगतात." (गाडीत बसेपर्यंत हे वाक्य सगळे विसरले.)

रीतीप्रमाणे ही गोष्ट एक पेशंट सोडून सगळ्यांना सांगण्यात आली. सटाण्याच्या पाहुण्यांना कळली, विंचूरच्या व्याह्यांना कळली, दूधवाल्याला कळली. चिमणाबाईंना ती, सुनेने चहात न मागता दोन चमचे साखर घातली, तेव्हाच कळली.

धाकटे दीर नाथा यांनी सूत्रं हाती घेतली. वाढदिवसाच्या नावाखाली वहिनींना पैठणी नेसवून फोटो काढला. श्रद्धांजलीचा फ्लेक्स तयार झाला, तारखेची जागा तेवढी मोकळी. खाली शोकाकुल मंडळी. पहिलं नाव कुणाचं यावरून दोन जावयांचं बोलणं बंद झालं, तेव्हा नाथांनी स्वतःचं नाव वर घालून वाद मिटवला.

चिमणाबाईंचा मुलगा रविराज काकांना म्हणाला, "तात्या, डॉक्टर केमोचं विचारत होते."

"कशाला म्हातारीचे हाल? अन् औषध लागू पडलं तर मशीन खोटं नाय का पडणार? एवढं परदेशातलं मशीन!"

विज्ञानावर इतका विश्वास असलेलं घर तालुक्यात दुसरं नसेल.

आतल्या खोलीतून आवाज आला, "भाऊजी, मला सुया टोचून घ्यायच्यात."

"वैनी, तुम्हाला झालंय काय? साधा खोकला!"

"मग खोकल्याच्याच घेते."

दुसऱ्या दिवशी त्या एकट्या नाशिकच्या एसटीत बसल्या. डॉक्टरांना विचारलं, "ते अकरा महिने माझे का?"

"नाही आजी. तुमच्यासारख्या पुष्कळ पेशंटांवरून काढलेत."

"मग त्यांचे त्यांना द्या. मला सुई द्या."

अकरा महिने झाले. केस गेले, तोंडाची चव गेली, चिमणाबाई राहिल्या. घरात नाराजी पसरली. केळी देऊन, अंगणात रडून गेलेल्या पाहुण्यांना परत यायची पंचाईत झाली. ते फोन करून विचारत, "काही कळवायचं राहिलं का?" रविराज ओशाळून म्हणे, "अजून नाही."

नाथा रोज सकाळी दारातून डोकावत. "कसं काय, वैनी?"

"हाय अजून. बसा, चहा घ्या. साखर घातलीय."

फ्लेक्स मात्र वाया गेला नाही. फोटो बदलला आणि शोकाकुलांत पहिलं नाव चिमणाबाईंचं आलं. तारखेची वाट बघत इथवर आलेला वाचकही घरचाच समजायचा. त्याच्यासाठी तारीख: नाथा वारले, दोन हजार चोवीसच्या दिवाळीनंतरच्या सोमवारी, सकाळी, चहा पिता पिता.