हिमानीबाईंनी वैद्यकी टाकून चोरी पत्करली, त्या मोहिमेची हकीकत

श्रीचंडीमाता समर्थ. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर, कार्तिक मास, आदितवारी दोन प्रहर टळल्यावर पांढुर्णे मुक्कामी जे तुंबळ जाहाले, त्याची हकीकत लिहावी ऐसी आज्ञा कोणी केली नाही. परंतु जो तो आपलीच फत्ते आपल्या तोंडाने सांगत गावभर फिरतो, आणि ऐशाने खरे ते बुडते, हे पाहोन लेखकाने स्वसंतोषे कलम उचलिले. जे घडले ते लिहिले, पदरचे मीठमसाल्यापुरते घातले, आणि ज्याचे त्यास झोंबेल त्याने उगे राहावे.

प्रथम खेळाची व्यवस्था. संत्र्यांच्या आडतदारांचे चिरंजीव राजश्री गुणवंता हे नागपुरास इंजिनियरीच्या स्वारीवर गेले, तेथे चार वर्षे तळ देऊन बसले, आणि पदवीबरोबर एक परमुलखीचा खेळही दस्त करून परतले. खेळ ऐसा की पट मांडावा, वीस बाजूंचा फासा टाकावा, आणि आपण जे आहो ते घरी खुंटीस टांगून दुसरेच कोणी व्हावे. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी शाहीर, कोणी चोर, कोणी वैद्य. गुणवंताने कथा सांगावी, बाकीच्यांनी तीत शिरावे. प्रत्येकास मोजके प्राण नेमून दिलेले; घाव बसला की प्राण उणे, शून्यावर आले की मूर्च्छा, आणि मूर्च्छितास कोणी वेळीच औषध न दिले तर मृत्यू. हर आदितवारी आडतीच्या पॅकिंगच्या शेडमध्ये क्रेट उपडे घालून हा दरबार भरे, आणि आंबिया बहार जोरात असल्यामुळे सरदारांस संत्री हवी तितकी खावयाची मुभा असे.

आता सरदार. पहिले कुणालराव, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानाचे धनी. हे सदासर्वदा योद्धा होत. तलवार पुरुषभर, चिलखत दुहेरी, गर्जना तिहेरी. घरी भिंतीवर पाल दिसली म्हणजे मातुःश्रींस हाक मारीत, हे सर्वांस ठाऊक होते, पण भर दरबारी कोणी काढीत नसे. पटावर त्यांचे प्यादे म्हणोन एक जाड नट-बोल्ट उभा राही. फासा मात्र त्यांशी हाडवैर धरून होता. त्यांच्या हाती आला की दोन, तीन, फार तर पाच; वीस पडलेला त्यांनी पाहिला तो दुसऱ्याचाच.

दुसरे रघुनाथराव, निवृत्त विज्ञानशिक्षक, वयाने वडील, सदा जादूगार. अग्निवर्षाव, वज्रपात, भूकंप, सर्व मंत्र मुखोद्गत, परंतु खर्चावयाचे नाव नाही. "थांबा जी, मोठा प्रसंग येऊन राहिला," म्हणत, आणि ऐसे म्हणता म्हणता दोन मोहिमा सरल्या, राक्षस मेले, आणि मंत्र जैसेचे तैसे राहिले. त्यांचे घरी दिवाळीच्या चकल्या होळीपर्यंत पाहुण्यांसाठी झाकून असत, त्याच वळणाचे हे. त्यांचे प्यादे खडूचा तुकडा.

तिसरे सुमेध, नदीपल्याडच्या सावरगावचे, डाकखान्यात नोकर, सदा शाहीर. गनीम दिसला की आधी गाऊन वश करू पाहत. एकदा बंद दरवाज्यापुढेही तीन कडवी म्हटली होती. दरवाजा उघडला नाही, ते शल्य त्यांच्या मनात अद्याप होते. त्यांचे प्यादे पेनाचे टोपण.

आणि जिच्यासाठी ही शाई खर्ची पडते, ती हिमानीबाई. माहेर सावरगाव, सासर पांढुर्णा, स्टँडासमोरच्या औषधांच्या दुकानी नोकरी. सकाळपासून खोकलेवाले, पोटवाले, कंबरवाले काउंटरवर येऊन आपापले गाऱ्हाणे घालीत, आणि बाई गोळी काढून देत. मग घरी जाऊन सासूबाईंची बीपीची गोळी, यजमान शुभमराव यांचे पित्त, लेकीचे जंत. आणि आठवड्यात जी दोन घटका मोकळीक, तीतही दरबाराने एकमुखाने ठराव केला की वैद्यकी बाईंची. कारण पुसता कुणालरावांनी जबाब दिला, "तुम्हाले गोळ्याऔषधाचं समजते न, वहिनी." प्यादेही तैसेच नेमून दिले, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचे झाकण.

बाईंनी दोन मोहिमा वैद्यकी निभाविली. घायाळांस बरे केले, फावल्या वेळी औषधाच्या कुप्या करून सरदारांच्या झोळ्या भरिल्या. आणि मागील मोहिमेत, भुयारातील लढाईत, सर्वांस औषध देता देता आपण मेल्या. ते कोणाच्या ध्यानात आले नाही. कुणालराव "वहिनी, मले बरं करा न" म्हणोन वाट पाहत बसले, मग गुणवंताने पट पाहोन सांगितले की वैद्य मागेच निवर्तले. बाईंस फार वाईट वाटले. घरी सांगावे तर खेळातले मरण, लोक हसतील. म्हणोन पोटात ठेविले, आणि मनसुबा धरिला की पुढील मोहिमेस चोर व्हावे. चोरापाशी कोणी काही मागत नाही. चोर आपणच घेतो. आठवड्यातून दोन घटका तरी देणारा हात घेणारा व्हावा, एवढीच बाईंची मुराद होती.

शनिवारी गुणवंताचे फर्मान मोबाइलच्या ग्रुपावर सुटले, की उद्या नवी मोहीम, आपापली पात्रे कळवावी. योद्धा आला, जादूगार आला, शाहीर आला. मग बाईंनी लिहिले, "चोर."

यावर मोठी धामधूम माजली. रघुनाथरावांनी वडीलकीचा लांब मजकूर धाडिला, सुमेधने आपल्या आवाजात विनवणीचे कडवे धाडिले, आणि कुणालरावांनी निर्वाणीचे लिहिले, "वहिनी, तुम्ही चोर झाल्या त आम्ही मरावं का?" बाईंनी भात उतरवून मोबाइल हाती घेतला आणि एका शब्दात उत्तर केले, "मरा."

दुसरे दिवशी बाई स्कूटीवर स्वार होऊन शेडमध्ये दाखल जाहाल्या, पर्स उघडिली, आणि सासूबाईंच्या जुन्या स्वेटराचे काळे बटण काढून पटावर ठेविले. गुणवंताने हात जोडून अर्ज केला, "वहिनी, टोळीले एक वैद्य त लागतेच जी." बाई बोलिल्या, "लागते त होय म्हणा कोणाले बी." मग गुणवंताने एकेकाचे तोंड पाहिले. कुणालराव संत्रे सोलू लागले, सुमेध गुणगुणू लागले, आणि रघुनाथरावांस चष्म्यावर एक डाग सापडला. ऐसे करून लष्कर बिनवैद्याचे कूच जाहाले.

आता गुणवंताची चूक. ती समजावयास पांढुर्ण्याचाच माणूस हवा. त्याने कथेत एक नदी घातली, नदीच्या मधोमध एक झाड घातले, झाडास निशाण बांधिले, आणि म्हटले की चौघांनी मिळून पल्याडच्या राक्षसाशी तह करावा आणि निशाण सोडवावे. ज्यास ठाऊक नाही त्यासाठी लिहितो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचे झाड रोवतात, वर झेंडा बांधितात, अल्याडचे पांढुर्णेकर आणि पल्याडचे सावरगावकर गोटे टाकून भिडतात, आणि झेंडा कोण नेतो यावर वर्षभराची इज्जत ठरते. ऐशा माणसांपुढे नदीत निशाण मांडावे, आणि ती तहाचे बोलतील ऐसी आशा धरावी, ही बुद्धी इंजिनियरीतच येते.

अर्ध्या संत्र्यात अगरबत्तीची काडी रोवून तीस केशरी कागद डकविला होता. तो दिसताच सुमेधने पेनाचे टोपण उचलून मुकाट्याने पल्याड नेऊन ठेविले. कुणालरावांचे डोळे लाल जाहाले. गुणवंता ओरडून सांगू लागला, "अबे, राक्षस तिकडे हाय, तुम्ही एका टोळीचे हा!" परंतु राक्षसाकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. मग कुणालरावांनी तलवार उपसून नदीत उडी घेतली, फासा टाकिला, दोन पडले, शेवाळावरून घसरले. मग शाहिराने गाणे सोडून गोटा उचलिला, आणि तो नेमका योद्ध्याच्या चिलखतावर बसला. मग योद्ध्याने उलट गोटे टाकिले, आणि बराच वेळ दोन्ही काठांवरून प्राण उणे होत राहिले.

तेव्हा रघुनाथराव उठले. शाल सावरिली, चष्मा सारखा केला आणि बोलिले, "हाच तो मोठा प्रसंग." दोन मोहिमा सांभाळिलेला अग्निवर्षाव त्यांनी राक्षसावर नव्हे, आपल्याच शाहिरावर सोडिला. फासा टाकिला तो एक पडला. एक पडणे म्हणजे आपले अस्त्र आपल्यावर. अग्नी दोन्ही काठांवर सारखाच वर्षला. शाहीर पडले, योद्धे पडले, जादूगार स्वतःही पडले. नट, खडू आणि टोपण, तिघेही आडवे जाहाले.

या सर्व गदारोळात काळे बटण कोठे आहे हे कोणी पुसले नाही. आजवर आपल्याकडे कोणी ध्यान देत नाही याचे बाईंस दुःख होते; आज तेच त्यांचे हत्यार जाहाले. त्या केव्हाच पाण्यात शिरल्या होत्या, गोट्यांच्या वर्षावाखालून सरकत झाडाच्या मुळाशी गेल्या होत्या. गोटे दोन्ही बाजूंचे लागले, अग्नीची झळ लागली, ते मनाशी मोजून घेतले, कोणास सांगितले नाही. फासा टाकिला, एकोणीस पडले, आणि अगरबत्तीची काडी बाईंच्या हाती आली.

गुणवंताने नियम पाहोन सांगितले की निशाण चोराचे, फत्ते चोराची. तीन मूर्च्छितांस मात्र आता औषध न मिळाल्यास पुढील फेरीस मृत्यू. कुणालराव हळूच बोलिले, "वहिनी..." बाई बोलिल्या, "मी चोर हाय. माह्यापाशी काही नाही." आणि हे म्हणताना त्यांस जे सुख जाहाले ते सोन्याच्या कड्यांनी होत नाही. शब्द खरा होता. चालते व्हावे, विजय घ्यावा, स्कूटी काढावी. कोणाची बोलावयाची सोय नव्हती.

बाईंनी आडव्या पडलेल्या नटाकडे पाहिले, खडूकडे पाहिले. मग बोलिल्या, "मी रघुनाथकाकांची झोळी तपासते."

रघुनाथरावांनी हरकत घेतली. गुणवंताने ठराव दिला की मूर्च्छितास हरकत घेता येत नाही. झोळी उघडिली, तो आत औषधाच्या कुप्या, एकीस धक्का नाही. या कुप्या बाईंनीच वैद्यकीच्या दिवसांत करून दिल्या होत्या. रघुनाथरावांनी मोठ्या प्रसंगासाठी जपून ठेविल्या होत्या. बाई त्यांकडे पाहोन बोलिल्या, "काका, ह्या प्यासाठी देल्ल्या होत्या, पूजेले नाही." काकांनी मान खाली घातली.

मग बाईंनी तहाची कलमे घातली. यापुढे वैद्यकी पाळीपाळीने, आणि पहिली पाळी या घडीपासून कुणालरावांची. रघुनाथरावांनी दर आदितवारी एक मंत्र खर्चावाच. मान्य असल्यास मूर्च्छितांनी मान हलवावी. मूर्च्छितास बोलण्याची मनाई आहे, मान हलविण्याची नाही, ऐसा गुणवंताने अर्थ काढिला. तिन्ही माना हलल्या. मग बाईंनी कुप्या वाटिल्या, ज्यास जितके घाव तितक्या, आणि झोळी रिती जाहाली.

सरदार उठून बसताच पुन्हा भांडू लागले. कुणालराव म्हणत, वहिनी आमच्या घरच्या, निशाण पांढुर्ण्याचे. सुमेध म्हणत, ताई आमच्या गावची, निशाण सावरगावचे. बाईंनी काडी पर्सेत टाकिली आणि बोलिल्या, "चोराले काठ नसते. निशाण माह्यं हाय."

एवढ्यात कुणालरावांस आपल्या नव्या कामगिरीची आठवण जाहाली. बोल्ट बाजूस ठेवून त्यांनी खोकल्याच्या बाटलीचे झाकण उचलिले, इकडे तिकडे पाहिले, घसा खाकरला आणि विचारिले, "वहिनी, तुम्हाले किती लागलं जी?"

हा प्रश्न दोन मोहिमांत कोणी केला नव्हता. बाईंनी हातातले संत्रे खाली ठेविले. "एकच प्राण उरला हाय," त्या बोलिल्या. सर्वांस कुप्या वाटताना आपल्यासाठी एक ठेवावी हे त्यांस सुचलेच नव्हते. इतक्या वर्षांची सवय. एका दिवसाच्या चोरीने ती कैसी सुटावी?

कुप्या तर सरल्या होत्या. आता उपाय तो फाशाचाच, जितके पडतील तितके प्राण. कुणालरावांनी फासा दोन्ही हातांत धरिला, कपाळास लाविला, योद्धा असता कधी धरिला नाही ऐसा जपून टाकिला. फासा क्रेटाच्या कडेशी जाऊन थांबला. दोन पडले.

"दोनच आले, वहिनी," कुणालराव अगदी कष्टी होऊन बोलिले. बाई बोलिल्या, "येऊ दे न बाप्पा. पुष्कळ झाले." आणि घाईने संत्रे सोलावयास घेतले, आणि डोळे पुसोन सांगितले की सालीचा फवारा उडाला. तो इमानाने सर्वांनी खरा मानिला.

येणेप्रमाणे पांढुर्णे मुक्कामी फत्ते जाहाली ती नोंदविली. राक्षस तहाविना राहिला, तो आपल्या मुलखी सुखी आहे. रघुनाथरावांनी पुढील आदितवारी एका कोंबडीवर वज्रपात खर्चून कलम पाळिले. कुणालरावांची वैद्यकी चालू आहे, फासा तैसाच आहे, परंतु पुसल्यावाचून ते कोणास सोडीत नाहीत. निशाण हल्ली स्टँडासमोरच्या औषधांच्या दुकानी, काउंटरवर पेनांच्या डब्यात उभे आहे, आणि गिऱ्हाइकाने पुसले तर बाई गोळ्या मोजता मोजता सांगतात की चोरीचे आहे.