डोंगर आहे, डेस्कटॉप नाही!

"चित्र पाठवून होईपर्यंत त्या अपग्रेडच्या नादी लागू नकोस," नवरा बूट घालता घालता म्हणाला होता. मी हसले. अहो, बाळाच्या शिंकेवर आणि ढेकरेवर चोवीस तास पाळत ठेवणारी बाई मी! मला एक कॉम्प्युटर सांभाळता येणार नाही?

बाळंतपणानंतरचं माझं पहिलंच काम होतं. मुलांच्या पुस्तकासाठी हत्तीचं चित्र. दुपारपर्यंत संपादकबाईंना मिळालं नाही, तर पुस्तक दुसऱ्या चित्रकाराकडे जाणार होतं. हत्ती तयार होऊन डेस्कटॉपवर उभा होता. बाहेरच्या खोलीत बाळ सासूबाईंच्या मांडीवर झोपलं होतं. म्हटलं, तेवढ्यात अपग्रेड उरकून घेऊ.

उरकलं. पडद्यावर निळा डोंगर उगवला. नुसता डोंगर! फोल्डर नाहीत, हत्ती नाही, खालची पट्टीसुद्धा नाही. भाडेकरूने जाताना खिळेही उपटून न्यावेत, तशी मोकळी भिंत!

माझे दीर कॉम्प्युटर दुरुस्त करतात. त्यांना फोन लावला.

"भावोजी, डेस्कटॉप गायब झालाय," मी कुजबुजले.

"वहिनी, मोठ्याने बोला की!"

"बाळ झोपलंय!"

बाळ झोपलं की घरात कुणी ब्र काढायचा नाही, हा नियम माझाच. मग तेही तिकडे दुकानात कुजबुजायला लागले.

"काय दिसतंय?"

"डोंगर."

"डोंगरावर?"

"ढग."

"माऊसचा बाण?"

"तोही गेला हो!"

त्यांनी सांगितलेल्या कळा मी दाबत सुटले. डोंगर ढिम्म. मध्येच दारातून डोकावले, तर सासूबाई डोळे वटारून हात हलवत होत्या. डास असणार! दाराजवळचं बटण दाबून पंखा लावला आणि चवड्यांवर परत आले. पुन्हा डोकावले, तर आता दोन्ही हात! डास वाढले वाटतं. पंखाही वाढवला.

शेवटी वैतागून मी हाताला लागतील त्या कळा बडवल्या.

"आता एंटर मारून बघा," भावोजी कुजबुजले.

बोट टेकणार, इतक्यात बाहेरून गर्जना झाली, "थांब! हत्ती पुसतेस की काय!"

बाळाने भोकाड पसरलं. मी धावले. दाराकडच्या भिंतीवरच्या टीव्हीवर माझा अख्खा डेस्कटॉप पसरला होता आणि मधोमध चौकट: 'हत्ती' कायमचा पुसायचा?

बाळाचे फोटो सासूबाईंना मोठे दिसावेत म्हणून नवऱ्याने कॉम्प्युटरची वायर टीव्हीला जोडली होती. अपग्रेडने टीव्हीलाच मुख्य पडदा मानलं आणि माझ्या वाट्याला आला डोंगर!

"अगं, कधीची हात हलवतेय मी!"

"मला वाटलं, डास..."

"डास? गारठले ना मी!"

"मग हाक मारायची, आई!"

"आणि बाळ उठलं असतं, तर? त्याच्याआधी तूच रडली असतीस!"

मग बाळ खांद्यावर घेऊन सासूबाई टीव्हीसमोर उभ्या राहिल्या. मी आत माऊस धरला. "उजवीकडे... अगं, वर... पुढे गेलीस! हां, दाब!" असं करत हत्ती एकदाचा रवाना झाला. लगेच संपादकबाईंचं उत्तर आलं, "झकास! आता ससा कधी देताय?"

मी नाचायचीच बाकी होते.

"बाकी," सासूबाई म्हणाल्या, "'सासूबाई बाळाला फार गुंडाळतात, काय करावं?' याचं उत्तर काय आलं गं? मघाशी तू कळा बडवत होतीस, तेव्हा प्रश्न दिसला टीव्हीवर, पण उत्तर वाचायच्या आत तुझ्या हातून बंद झालं."

मी त्यांना पाणी आणायला पळाले.

तुमच्याकडेही कुणी झोपलेलं बाळ मांडीवर घेऊन बसलं असेल, तर हे वाचणं राहू द्या, आधी त्यांना बघून या. हात हलवत असतील, तर कृपा करून पंखा लावू नका. काय हवंय ते विचारा!