घडीचा पाहुणा

घडी घालून पाकिटातून आलेला पाहुणा भरताना जो आवाज होतो, तो दौलूनानांनी सातव्या वर्षी ऐकला होता. थोरल्या बहिणीच्या लग्नाला मामांना सवड नव्हती, म्हणून ते टपालानं आले होते. लोहाराच्या भात्यानं त्यांना भरलं, तेव्हा नवी कातडी चप्पल करकरावी तसे ते करकरले. त्या काळी साधी हवाच असायची. पाहुणा चटईवर पडून राहायचा, बोलायचा नाही. नवरीला बोहल्यावर नेताना मामांना दोघांनी दोन्हीकडून धरलं होतं.

आता फुग्यांचा गॅस भाड्यानं मिळतो. त्यानं पाहुणा उभा राहतो, बोलतोही. आवाज तेवढा बारीक येतो.

नानांच्या बायकोची, हौसाबाईंची पंचाहत्तरी होती. मुलगा विलास पुण्याला असतो, बार्शीपासून बसनं पाच तास. सहा वर्षांत तो आला नव्हता. हौसाबाईंचं मागणं एकच होतं : संध्याकाळी पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळतील तेव्हा विलास समोर असावा.

कुरिअरवाला सकाळी नऊला आला.

"पाहुणा कोरडा मिळाला, घडी मोडलेली नाही. इथं सही करा."

नानांनी एकेक अक्षर जुळवून सही केली.

हौसाबाईंनी धुतलेली वाकळ अंथरली आणि विलासला उलगडलं. "अहो, पाठीवर बघा कशी रेघ उमटलीय घडीची," असं म्हणत त्या तळहातानं ती रेघ सारखी करत बसल्या. हवा भरायचं तोंड डाव्या टाचेला होतं. नानांनी सिलिंडरची नळी लावली, भरून झाल्यावर तोंडाला गाठ मारून दोरी बांधली. गॅस चाळीस फुग्यांचा आणला होता, पण विलास अंगानं सुटला होता. त्याला भरून उरलेल्या गॅसात अकराच फुगे झाले.

भरल्या भरल्या विलास वर गेला आणि पंख्याला टेकला.

"अण्णा, खाली ओढा की!" तो वरून बापाला म्हणाला.

"लेकरा, काही खाल्लंस का?" हौसाबाईंनी विचारलं.

"घडीत खात नसतात गं आई."

नमस्काराला त्याला वाकता येईना. नानांनी दोरी धरून त्याला हौसाबाईंच्या पायापर्यंत ओढलं. हौसाबाईंनी डोक्यावर हात ठेवला होता तोवर तो खाली राहिला. हात काढला की वर जायचा. म्हणून त्यांनी बराच वेळ हात काढला नाही.

दोनच्या सुमाराला विलासचे गाल बसले. मग खांदे उतरले. फुगे लावायला आलेल्या शेजारच्या कमळाताई म्हणाल्या, "काय नाना, अख्ख्या गावाची पंक्चरं काढलीत आणि घरचं पोरगं गळतंय!"

नानांचं स्टँडजवळ पंचेचाळीस वर्षं पंक्चरचं दुकान होतं. त्यांनी घमेलं भरून घेतलं, कानस, सोल्युशन, रबराचं ठिगळ जवळ मांडलं आणि विलासला वीतभर वीतभर पाण्यात दाबून पाहू लागले.

"गार आहे, अण्णा."

"दम धर जरा. सापडेल."

कोपरात बुडबुडा नव्हता. मानेत नव्हता, काखेतही नव्हता. टाच बुडवली तेव्हा बुडबुडे आले. तोंडाची गाठ सैल झाली होती. नानांनी ती आवळली. ती परत सुटली. त्यांनी ट्यूबची पट्टी कापून तीन वेढे दिले. तरी बुडबुडे येतच राहिले.

"राहू द्या, अण्णा," विलास म्हणाला. "पंक्चर नाहीये. मीच सोडतोय हवा."

"का रे बाबा?"

"साहेबांच्या नातीचं बारसं आहे सोलापूरला. पाच वाजता कुरिअरवाला न्यायला येईल. हवा राहिली की घेत नाहीत ते."

"तुझी आई संध्याकाळची वाट बघतीय. सांगितलंस तिला?"

"तुम्ही सांगा ना."

हौसाबाई वातींचं ताट घेऊन मागेच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

नाना घमेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिले. खिळ्यानं फाटलेली ट्यूब त्यांनी सांधली होती, काचेनं चिरलेली सांधली होती. आपणहून हवा सोडणारी ट्यूब त्यांच्या दुकानात कधी आली नव्हती.

"मग आपोआप जाऊ द्यायची, का दाबून काढू?" त्यांनी विचारलं.

"दाबूनच काढा. डोक्याकडून. घडी नीट बसते."

नानांनी त्याला पंचानं पुसलं, खांद्यावर घेतलं आणि मानेपासून खाली हळूहळू हात फिरवू लागले. विलास त्यांच्या पाठीवर ओघळत गेला. आवाज अगदी बारीक झाला.

"आई, पुढच्या वर्षी मी..."

तेवढ्यात हवा संपली.

नाना वाकळीवर बसून घडी घालू लागले. "अगं, हात दुमडून छातीवर घेऊ का पाठीशी?" त्यांनी विचारलं. "कसे होते सकाळी?"

हौसाबाईंनी ताट फडताळावर ठेवलं आणि परसदारी निघून गेल्या.